उभ्या गाडीची तयारी

पौषाची चाहूल लागली की आदिलाबाद जिल्ह्यातील गोंडांच्या गुड्यांतून एक जुनी लगबग पुन्हा दिसू लागते. गोठ्याच्या आडोशाला किंवा चिंचेखालच्या छपरात उभी असलेली बैलगाडी ओढून अंगणात आणली जाते, तिच्यावरची धूळ झटकली जाते आणि घरातले वडीलधारे माणूस तिच्याभोवती एक फेरी मारते. इंद्रवेल्ली मंडळातील केसलापूर येथे पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. नागोबा हे मेसराम कुळाच्या गोंडांचे दैवत. त्याच्या अभिषेकासाठी गोदावरीचे जल आणावयास मेसराम मंडळी अनवाणी पायी जातात. परंतु कुटुंबकबिला, धान्य, भांडीकुंडी, पांघरुणे आणि बैलांची वैरण हे सारे केसलापूरच्या वडांखाली पोहोचवावयाचे ते गाडीनेच, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. घरात आलेली नवी सून याच जत्रेत देवाला भेटते आणि मग ती कुळाची होते. तिला नेणारी गाडी वाटेत मोडली, तर हानी केवळ लाकडाची होत नाही.

श्रोतेहो, बैलगाडी जोडण्यात शिकण्यासारखे असे काय आहे, हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी हा प्रश्न रास्तच ठरला असता. त्या काळी गाडीला विश्रांती मिळे ती मृगापासून दसऱ्यापर्यंत. काळ्या मातीचा चिखल चाकाला असा काही धरतो की, भर पावसाळ्यात शेतवाटेने रिकामी गाडी नेणेही बैलांच्या जिवावर येते. दसरा झाला की ज्वारी, मग कापूस, मग सरपण, मग लग्नसराई. गाडी रोज रस्त्यावर असे, म्हणून तिचे दुखणेही रोज कळे. कुरकुर ऐकू आली की वंगण, चाक डुलले की सुतार. तयारी अशी वेगळी करावीच लागत नसे.

आता कापूस बहुधा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून किंवा टेंपोतून आदिलाबादच्या बाजारात जातो. पुष्कळ घरी गाडी उरली आहे ती जत्रेपुरती आणि शेतातल्या किरकोळ ओझ्यापुरती. वर्षातले आठ-दहा महिने ती उभीच असते. म्हणजे पूर्वी जी गाडी चालता चालता नीट राहत असे, ती आता उभ्या उभ्या बिघडते, आणि बिघडल्याचा आवाजही करीत नाही. उभ्या गाडीला रस्त्यावर आणणे हे म्हणूनच आज एक निराळे काम होऊन बसले आहे. ते काम वडिलांना कधी करावे लागले नाही, त्यामुळे मुलांनी ते पाहिलेले नाही.

वापरली नाही म्हणजे झिजली नाही, झिजली नाही म्हणजे शाबूत आहे, असा एक भोळा हिशेब सर्वत्र आढळतो. दूर कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात जोसेफ-आर्मां बोंबार्दिये याने १९३७ साली बर्फावर चालणाऱ्या मोटारगाडीचे पेटंट घेतले, आणि १९५९ साली त्याच्याच कारखान्यातून एक-दोन माणसांची हलकी हिमगाडी बाजारात आली. बर्फ वितळले की ती उन्हाळाभर उभी. हिवाळ्याच्या तोंडी तिचा मालक पाहतो तर टाकीतल्या पेट्रोलचा हलका अंश उडून गेलेला आणि मागे डिंकासारखा चिकटा उरलेला, बॅटरी उतरलेली, हवेच्या नळीत उंदराने घर केलेले. गाडी एक मैलही चाललेली नसते! बैलगाडीत पेट्रोल नाही आणि बॅटरीही नाही. पण लाकूड आहे, लोखंड आहे, वंगण आहे आणि दोर आहे. उंदीर तर दोन्हीकडे आहेतच.

तपासणीची सुरुवात चाकापासून करावी, कारण सर्वांत अधिक फसवणूक तेथेच होते. चाकाच्या मध्यभागी तुंबा, त्यात रोवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांना जोडलेले बाकदार पाटे आणि या साऱ्यांना बाहेरून आवळणारी लोखंडी धाव, अशी ही रचना आहे. तीत खिळ्यांचा आणि सरसाचा भरवसा नाही. सारे चाक एकत्र राहते ते धावेच्या आवळण्याने. धाव घट्ट तर चाक घट्ट.

लाकडाचा स्वभाव असा की, ते धाग्यांच्या दिशेने जवळजवळ आटत नाही. आडव्या दिशेने मात्र आटते आणि फुगते. आऱ्याची लांबी कायम राहते, परंतु तुंब्यात बसलेले त्याचे टोक बारीक होते. पाट्याचे धागे चाकाच्या घेराला धरून असतात. म्हणून तो आटतो तो नेमका आतबाहेरच्या रुंदीत, म्हणजे धावेपासून दूर. पाटा केवळ २ मिलिमीटर आटला, तरी चाकाच्या घेरात सुमारे सव्वा सेंटिमीटरचा फरक पडतो. धाव लोखंडाची, ती काही आटत नाही. तेवढी ती ढिली होते.

आदिलाबादच्या हवेत या स्वभावाला पुरेपूर वाव मिळतो. पावसाळ्यात हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, त्यामागून तेलंगणात अधिक गणली जाणारी थंडी, आणि ती थंडी कोरडी. दिवाळीत तपासलेले चाक ओलीने फुगलेले असते आणि खणखणीत वाजते. मालक निर्धास्त होतो. तेच चाक मार्गशीर्ष-पौषाच्या कोरड्या वाऱ्यात आटते आणि जत्रेच्या वाटेवर धाव सोडते. यास्तव दिवाळीची तपासणी पौषात धरता येत नाही. निघण्याच्या दोन आठवडे आधी ती पुन्हा केली पाहिजे. दोन आठवडे अशासाठी की, दोष निघाला तर सुताराकडे आणि लोहाराकडे जाण्यास अवधी राहावा. जत्रेच्या आदल्या दिवशी लोहाराच्या भट्टीपुढे दहा गाड्या उभ्या असतात आणि अकराव्या गाडीला पाचरींवर भागवावे लागते.

तपासणीची रीत साधी आहे. आसाखाली टेकण देऊन एक बाजू उचलावी, म्हणजे चाक अधांतरी राहील. मग हातोडीच्या दांड्याने एकेका आऱ्यावर हलका ठोका द्यावा. घट्ट आरा टणक आवाज देतो. ढिला किंवा आतून कुजलेला आरा भद्द वाजतो. लागोपाठ चार ठोके ऐकले की लहान पोरालाही फरक ओळखता येतो. त्यानंतर चाक फिरवून धावेकडे पाहावे. धाव आणि पाटा यांच्या फटीत सुरीचे पाते जात असेल, तर ते चाक रस्त्याचे नव्हे. ज्या जागी चाक महिनोन्‌महिने जमिनीला टेकून होते, तेथला पाटा टोच्याने टोचून पाहावा. बाकी चाक उत्तम आणि तेवढीच वीतभर जागा भुसभुशीत, असे पुष्कळदा आढळते. ओल तेथून चढते, वाळवीही तेथूनच चढते. आऱ्याच्या मुळाशी पिठासारखी बारीक भुकटी दिसली, तर लाकूड पोखरणारा किडा आत आहे असे समजावे.

ढिल्या चाकावर एक झटपट उपाय खेडोपाडी चालतो. गाडी रात्रभर ओढ्यात उभी करावयाची. सकाळी चाक घट्ट होते यात संशय नाही. पण हा उपाय उसनवारीचा आहे. धावेच्या आत कोंडलेले लाकूड फुगू लागले की त्याला बाहेर जागा नसते. त्याचे धागे आतल्या आत चेंगरतात. वाळल्यावर ते पूर्वीपेक्षाही बारीक होतात. दोन दिवसांच्या वाटेवर एकदा भिजवलेले चाक तिसऱ्या दिवशी अधिक ढिले पडते, ते यामुळे. अडल्या वेळी हे करण्यास हरकत नाही, परंतु घरून निघतानाच ओढ्याची मदत घेऊन निघणे म्हणजे परतीची वाट देवावर सोपवणे होय.

खरा इलाज लोहारापाशी आहे. धाव उतरवून, थोडी कापून, पुन्हा जोडून, तापवून चढवावयाची. धाव मुद्दामच चाकाच्या घेराहून आखूड ठेवतात. दीड मीटर व्यासाच्या चाकाची धाव साधारण ४.७ मीटर लांबीची भरते. ती ५०० अंश सेल्सिअसने अधिक तापली तर सुमारे २८ मिलिमीटरने वाढते. गोवऱ्यांच्या आणि लाकडांच्या आरात लाल झालेली ही कडी तिघे-चौघे सांडशीने उचलतात, चाकावर ठेवतात, घणाने बसवतात आणि लाकूड पेट घेण्यापूर्वी पाणी ओततात. वाफेचा लोट उठतो, आकसणारी धाव पाट्यांना आणि पाटे आऱ्यांना तुंब्यात दाबतात, आणि एकेक सांधा करकरत मिटत जातो. धाव किती कापावी हे लोहार दोरीने मोजतो, पण शेवटचा निर्णय त्याच्या नजरेचा असतो. कमी कापली तर श्रम फुकट. जास्त कापली तर आरे वाकतात किंवा पाटे उसवतात. ही नजर असलेली माणसे आता विरळ होत चालली आहेत. तालुक्याच्या गावी वेल्डिंगचे दुकान असते, पण वेल्डिंग जाणणारा प्रत्येकजण धाव जाणतो असे नाही. ज्या गावात जुना लोहार आहे, तेथे त्याच्याशेजारी एखाद्या मुलाने दोन हंगाम उभे राहावे हे उत्तम. ते काम पुस्तकातून येणारे नाही.

चाकानंतर आस. चाक खाली काढून आसाचे टोक आणि तुंब्यातील लोखंडी नळी दोन्ही पुसून घ्यावीत. येथे आळस फार होतो. जुन्या वंगणावरच नवे वंगण माखून लोक मोकळे होतात. एरंडेल महिनोन्‌महिने हवेत राहिले की घट्ट आणि चिकट होते. त्यात धूळ आणि वाळूचे कण बसतात. असे वंगण मग वंगण राहत नाही, ती कानस होते! घासलेटात भिजवलेल्या चिंधीने सारे खरवडून काढावे, तांबेरा निघेपर्यंत घासावे आणि मगच ताजे एरंडेल किंवा बाजारात मिळणारे ग्रीस लावावे. चाक चढवल्यावर वरची कड धरून आतबाहेर हलवून पाहावे. किंचित खेळ असावाच, पण चाक खडखडत असेल तर नळी झिजली आहे. शेवटी आसाच्या टोकाची खीळ. चाक आसावरून निसटू न देणारी ही बोटभर लोखंडाची वस्तू साऱ्या गाडीत सर्वांत स्वस्त आहे आणि तिच्याऐवजी वाकवलेला खिळा किंवा तारेचा वेढा घालण्याचा मोह सर्वांत मोठा आहे. जास्तीच्या दोन खिळी आणि वंगणाचा नळा साट्याखाली बांधून घेतल्यावाचून गाडी हलवू नये.

साटा, दांड्या, धुरा यांची परीक्षा डोळ्यांनी होते. धावड्याचे किंवा तिवसाचे लाकूड चिवट खरे, पण भेग धाग्याला आडवी गेलेली दिसली तर ते लाकूड बदलावे. भेग धाग्याबरोबर उभी असेल तर पट्टी मारून चालते. बांबूच्या तट्ट्या कुरतडलेल्या असल्या तरी त्यामुळे कोणी पडत नाही. दोरांचे मात्र तसे नाही.

उतारावर गाडी कोण थांबवते, याचा विचार बसणाऱ्यांपैकी फार थोडे करतात. सपाटीवर बैल गाडी ओढतात. उतारावर तेच बैल मागे रेटा देऊन गाडी आवरतात. तो सारा भार मानेखालच्या जोत्यांवर आणि जू धुऱ्याला आवळणाऱ्या नाड्यावर येतो. उटनूरच्या बाजूचे डोंगर फार उंच नाहीत, पण चढउतार पुष्कळ आहेत. उतारात जोते तुटले तर जू शिंगांकडे सरकते, धुरा वर उचलला जातो आणि गाडी बैलांच्या मागच्या पायांवर जाते. अंबाडीचा दोर वरून धडधाकट दिसतो. पीळ उलगडून पाहिला तर आत काळा पडलेला असतो. म्हणून प्रत्येक दोर खुंटाला बांधून दोन माणसांनी अंगाचा भार देऊन ओढून पाहावा. तुटायचा असेल तर तो अंगणात तुटू दे. नायलॉनचा दोर कुजत नाही हे खरे, पण गाठ सुटते आणि मानेखाली त्याचा काच बैलाची कातडी सोलतो. तो सामान बांधण्यास ठेवावा.

रबरी टायरच्या गाड्यांचे काम त्यामानाने थोडे आहे. हवा भरून एक रात्र ठेवावी, टायरच्या कुशीवरच्या चिरा पाहाव्यात, बेअरिंगमधले जुने ग्रीस धुऊन नवे भरावे आणि बोल्ट आवळावेत. हवा नसलेल्या टायरवर गाडी वर्षभर उभी असेल तर टायर घडीवर फाटतो, हे ध्यानात असू द्यावे.

आता उरले बैल, आणि ते सर्वांत महत्त्वाचे. पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-तुपाने खांदेमळणी करण्याची चाल आहे. तीत भावना आहे, तसे व्यवहारज्ञानही आहे. कारण वर्षातून एकदा तरी प्रत्येक मालकाचा हात बैलाच्या खांद्यावरून सावकाश फिरतो. जत्रेपूर्वी तो पुन्हा फिरावा. डवरणी संपल्यापासून मोकळ्या असलेल्या बैलाची मान मऊ पडलेली असते. तिच्यावर एकदम दिवसभर जू ठेवले की खांदेसूज येते, आणि खांदा आलेला बैल वाटेत बरा होत नाही. म्हणून दोन आठवडे आधीपासून रोज थोडा थोडा वेळ रिकामी गाडी ओढवावी. शेतात अनवाणी चालणाऱ्या बैलाला डांबरी सडकेवर नाल हवेत. बैलाचे खूर दुभंगलेले, त्यामुळे चारी पायांना मिळून आठ पत्र्या लागतात. नालबंदाकडेही उशीर होऊन चालत नाही, कारण पत्री ठोकल्यावर एखादा बैल दोन दिवस लंगडतो आणि तो का लंगडतो हे पाहण्यास वेळ असावा लागतो.

ओझ्याविषयी आणि विश्रांतीविषयी कायदाही आहे. १९६५ साली केंद्र सरकारने ओढीच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी नियम केले. त्यांप्रमाणे जनावराला दिवसात एकूण ९ तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग ५ तासांहून अधिक जुंपता येत नाही. हाकणारा आणि ६ वर्षांखालील मुले वगळून गाडीत चौघांहून अधिक बसू नयेत, असेही त्यांत आहे. म्हातारी माणसे आणि लेकुरवाळ्या बसाव्यात आणि तरण्यांनी चालावे, हा गुड्यांतला जुना शिरस्ता याहून फारसा निराळा नाही. बसवताना एक पाहावे. मागे भार अधिक झाला तर गाडी उलाळ होते, म्हणजे जू वर उचलून बैलांचे गळे आवळले जातात. पुढे अधिक झाला तर सारे वजन मानेवर दाबते. धान्याची पोती आसाच्या थोडी पुढे आणि वैरण मागे, अशी मांडणी बहुधा जमते.

सामान चढवण्यापूर्वी गाडीची एक फेरी रिकामीच करावी. दोन-तीन किलोमीटर, आणि मुद्दाम खडकाळ वाटेने. परत आल्यावर दोन्ही तुंब्यांवर तळहात ठेवावा. कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नाही इतका तापला असेल तर वंगण पोहोचलेले नाही किंवा चाक आवळून बसले आहे. खिळी जागेवर आहेत का, नाडा ताणला आहे का, हे पाहावे. दुसऱ्या दिवशी सामानासह अशीच एक फेरी व्हावी. दोन दिवस मोडतात हे खरे.

आणखी एक गोष्ट जुन्या गाडीवानांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आदिलाबादहून गुडीहत्नूरकडे येणारी सडक आता चौपदरी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ आहे. तिच्यावरून रात्रभर मालमोटारी धावतात. पौषातल्या पहाटे धुके असते, आणि ऊन टाळण्यासाठी गाड्या नेमक्या त्याच वेळी निघतात. साट्याखाली टांगलेला कंदील पूर्वी बैलांना वाट दाखवण्यास पुरे होई; मागून वेगाने येणाऱ्या मोटारीला तो दिसत नाही. गाडीच्या मागच्या फळीवर दोन्ही टोकांना लाल परावर्तक पट्टी आणि जुवाच्या दोन्ही टोकांना पांढरी पट्टी चिकटवावी. मोटारीच्या सामानाच्या दुकानात ती थोडक्या पैशांत मिळते. शक्य तेथे महामार्ग टाळून शेतवाटेनेच जावे, आणि तो ओलांडणे भागच पडले तर उजाडण्याची वाट पाहावी. एक तासाने उशीर झाला तर नागोबा रागावत नाही.

जत्रा संपून गाडी घरी आली की पुष्कळदा ती थकल्या अंगाने आहे तेथेच सोडली जाते. त्याच दिवशी नव्हे, पण त्या आठवड्यात तरी तिच्याकडे पुन्हा वळावे. चाकांवरचा चिखल धुऊन ती सावलीत वाळू द्यावीत. उन्हात नव्हे, कारण उन्हात लाकूड तडकते. लाकडाला एकदा जवसाचे तेल पाजावे. आसाखाली दगड रचून गाडी उचलून ठेवावी, म्हणजे चाके जमिनीला टेकणार नाहीत, आणि आठ-पंधरा दिवसांनी येताजाता ती पाव-पाव फिरवावीत. दगडांभोवती राख टाकावी. जू आणि दोर घरात आढ्याला टांगावेत, आणि वंगणाचा नळा, ज्याला उंदीर सर्वांत आधी शोधतात, त्याला घट्ट बूच लावून चुलीमागच्या कोनाड्यात ठेवावा.